पटावर एकच नाव

बागबाजार, कोलकाता
१२ सप्टेंबर २०२५

ती. श्यामलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. अनीश म्हणतो, मावशीला लिहायचं असलं की तू नवऱ्याशीसुद्धा परीक्षा असल्यासारखी वागतेस. वागणारच. बीएस्सीला फिजिक्स तूच शिकवलंस आणि चुकीच्या वेलांटीचे मार्कही तूच कापलेस.

यंदा आमच्या कॉलेजात मुलं किती आली, असं तू विचारलं होतंस. हसू नकोस. फिजिक्स ऑनर्सला एक आली. साठाच्या आसपास जागा, आणि पटावर एकच नाव, सुचित्रा. बेहालाहून येते. माझेरहाटपर्यंत मेट्रो आणि तिथून गंगेच्या काठाकाठाने येणारी लोकल. तिची गाडी उशिरा आली की वर्ग उशिरा भरतो, कारण वर्ग म्हणजे तीच. हजेरी मात्र मी रोज घेते आणि तीही गंभीर चेहऱ्याने देते.

प्रॅक्टिकलला दोघी लागतात, एकीने स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीतून बघायचं आणि दुसरीने आकडे लिहायचे. तिला जोडीदारीण कुठून आणू? मीच बसते. डार्करूममध्ये सोडियमचा दिवा लावला की तो आधी गुलाबी होतो आणि सावकाश पिवळा होत जातो. तेवढ्या वेळात करायला काही नसतं. बाहेर घाटावर लाँचचा भोंगा होतो, कुठेतरी शंख वाजतो, आणि आम्ही त्या पिवळ्या उजेडात गप्प बसून असतो. त्या उजेडात सगळे रंग जातात, माझी साडी हिरवी होती की जांभळी, ते मलाही आठवत नाही. कधी वाटतं, हे कॉलेज पाण्यावर तरंगत थोडं पुढे गेलं आहे आणि कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मावशी, अकरा वर्षांत शिकवताना मला इतकं सुख झालं नव्हतं.

पण काळजीही आहे. वरच्या वर्गात कोणी नाही, शेवटची तुकडी पास होऊन गेली. आमच्या विभागातले चॅटर्जीबाबू निवृत्त झाले, त्यांची पक्की जागा भरलीच नाही. मुलं नाहीत म्हणून जागा भरत नाहीत, आणि शिकून जागाच मिळत नाहीत म्हणून मुलं येत नाहीत. मी तर गेस्ट लेक्चरर, दरवर्षी नव्याने नेमलेली. सुचित्राला बेंगळुरूच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळते आहे. ती गेली तर विषय यंदा बंद, आणि त्याबरोबर मीही बंद, असं प्रिन्सिपॉलबाईंनी चहा पाजून सांगितलं.

पायाला तेल लावतेस ना? तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझी
विनीता

*

सांगली
१९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विनीता हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वेलांट्या ठीक आहेत. तुमच्या बागबाजारच्या लोकांनी एके काळी मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला होता. आता एक मराठी बाई त्याच जागी एका मुलीच्या गाडीची वाट बघत बसते, हे त्यांना कळव. बिचाऱ्यांना जरा बरं वाटेल.

इकडेही आनंदच आहे. माझा विद्यार्थी चारुदत्त तुला आठवत असेल. पीएचडी झाला, चाळिशीला आला, अजून तासिका तत्त्वावर शिकवतो. जूनमध्ये त्याला विद्यार्थी आणायला खेडोपाडी पिटाळतात. एका घरी त्याला मुलगी बघायला आलेलं स्थळ समजून पोहे केले. त्याने ते खाल्ले आणि मग आपण तासांवर शिकवतो असं खरं खरं सांगून टाकलं. नंतरचा चहा काही आला नाही. मला सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही.

म्हणून सांगते, त्या पोरीला सोडू नकोस. लाजत बसू नकोस. सरळ तिच्या घरी जा आणि आईबापांना भेट. मास्तर घरी आला की आईबाप अर्धे तिथेच विरघळतात. तुझं काम टिकलं पाहिजे. तू शिकवत नसलेली विनीता मला बघायची नाही.

अनीशला आशीर्वाद. मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुझी
श्यामलामावशी

*

बागबाजार, कोलकाता
९ ऑक्टोबर २०२५

ती. श्यामलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

विजयादशमी झाली की इथे कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतरही लोक एकमेकांकडे गोड घेऊन जात राहतात, त्यामुळे बेहालाला जायला निमित्त आयतंच मिळालं. खालच्या खोलीत सुचित्राच्या वडिलांचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, वर घर. दारापुढचे पूजेच्या मांडवाचे बांबू अजून उतरवले नव्हते. दुपार होती, दुकानात दुरुस्त झालेला एक पंखा उगीच फिरत होता, आणि मला मनातून घरी पळून जावंसं वाटत होतं.

मी मन वळवायला गेले होते, पण तशी वेळच आली नाही. तिच्या आईने नारळाचे लाडू पुढे ठेवले आणि सांगितलं की नर्सिंगला सुचित्रा स्वतःच नको म्हणते. तिला माझ्यासारखं व्हायचं आहे. मॅडमसारखी कॉलेजात पक्की नोकरी, नदीकाठी शांतपणे शिकवणं, कोणाची घाई नाही. ती घरी रोज माझ्याबद्दल बोलते म्हणे. वडिलांनी मग विचारलं, की मन लावून शिकली तर पुढे तिला माझ्यासारखी कायमची जागा मिळेल ना.

माझ्या तोंडात लाडू होता, मावशी. माझी मान हलली. हो अशीच हलली.

सुचित्रा मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. वाटेत ती प्रकाशाच्या पट्ट्यांबद्दल काहीतरी विचारत होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बेंगळुरूला ऑक्टोबरअखेर कळवायचं आहे. मी काही बोलले नाही तर ती राहते, मीही राहते आणि तो पिवळा उजेडही राहतो. तू सांगितलंस ते काम फत्ते झालं आहे. मला मात्र कोणाच्या तरी घरातून काही उचलून आणल्यासारखं वाटतं आहे. आता काय करू ते सांग.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी
विनीता

*

सांगली
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विनीता हिस,
अ. उ. आ.

माझा सल्ला मी परत घेते.

माझ्या वर्गात शंभरावर मुलं असायची. कोण कशासाठी आलं आणि कोण मधेच गेलं, ते मला कळायचंही नाही, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडला नाही. तुला पडला, कारण तुला एकच तोंड दिसतं. तुझी नोकरी जाईल हे मला समजतं, आणि ती जायला नको आहे हेही लिहून ठेवते. पण तिने तुझ्याकडे बघून आयुष्याचं ठरवलं आहे. तर मग तिला तुला नीट बघू दे.

दिवाळीचा फराळ वेगळा पाठवते आहे. चकल्या मोडल्या तर टपालखात्याला बोल, मला नको.

सदैव तुझीच, यात बदल नाही.

श्यामलामावशी

*

बागबाजार, कोलकाता
३ नोव्हेंबर २०२५

ती. श्यामलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. दिवा तापायची वाट बघत असताना सांगितलं, कारण तेव्हा तोंडं नीट दिसत नाहीत. मी पक्की नाही, कधीच नव्हते, चॅटर्जीबाबूंची खुर्ची माझी नाही आणि तिचीही होईलसं मला दिसत नाही. तिच्या घरी माझी मान खोटी हलली, हेही सांगितलं.

 मग तिने विचारलं की हे सगळं असं असूनही मला शिकवायला आवडतं का. मी म्हटलं, फार आवडतं, पण त्यावर जाऊ नकोस. तिने मान खाली घातली, दुर्बीण जुळवली, आकडे सांगायला लागली आणि मी लिहायला लागले. प्रयोग आम्ही पुरा केला. उत्तर इतकं बरोबर आलं की दोघींनाही कसंतरी झालं.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन आली आणि नाव काढून घेतलं. वडील माझ्याशी काही बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते. शुक्रवारी हावड्याहून तिची बेंगळुरूची गाडी गेली. मी स्टेशनवर गेले नाही, लाँचने नुसतीच पलीकडे जाऊन परत आले. प्रिन्सिपॉलबाईंनी पुन्हा चहा पाजला, आणि मी महिनाअखेरपर्यंतच आहे.

चकल्या शाबूत पोचल्या. रडत रडत खाल्ल्या तरी चांगल्या लागल्या.

तुझा लोभ आता जास्तच लागेल.

तुझी
विनीता

*

बागबाजार, कोलकाता
१४ जानेवारी २०२६

ती. श्यामलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. काम अजून नाही. एका शाळेत अर्ज दिला आहे, बघू. सकाळी साडी नेसून तयार होते आणि मग आठवतं की जायचं कुठेच नाही. घाटावर जाऊन बसते. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही, लाँच कुठून येते आणि कुठे जाते ते कळत नाही. वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण झालं ते चुकलं असं कधी वाटलं नाही.

काल सुचित्राचा फोन आला, बेंगळुरूहून, पहिल्यांदाच. तिथे वर्गात शंभर मुली आहेत. हिची पंचाईत अशी, की बाईंनी प्रश्न विचारला की ही हात वर करायचं विसरते. बसल्या जागेवरून, समोर मी असल्यासारखी, शांतपणे उत्तर देऊन मोकळी होते. उत्तर बरोबर असतं, पण सगळ्या हसतात. परवा बाई चिडल्या आणि त्यांनी विचारलं की वर्गात तू एकटीच आहेस का.

तिच्या तोंडून हो निघता निघता राहिलं म्हणे.

मावशी, मला फार हसू आलं आणि मग बोलता येईना. तिनेही फोन ठेवला नाही. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच गप्प होतो.

तुझा आशीर्वाद या खेपेला दोघींना दे.

तुझी
विनीता