विचारायलाही बंदी

ता. ६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पत्रास कारण की, या घरचा स्वयंपाक सध्या माझ्याकडे आला आहे. तुझी ताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथून हुकूम सोडते. पाणीपुरवठ्याच्या पंपावर मी एका वेळी चार यंत्रं सांभाळली, पण दूध आणि बटाटे एकदम शेगडीवर असले की माझ्या नाकी नऊ येतात. म्हणून साठलेली रजा घेऊन टाकली आहे.

तू वसतिगृहातल्या शंभरावर मुलींची खानावळ चालवतेस, तेव्हा तुला विचारतो. अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं मी बुडाशी काळं करून ठेवलं आहे. ताई म्हणते टाकू नका, धाकटीला विचारा. दूध उतू जायचं कसं थांबवायचं? आणि गॅस पूर्वीपेक्षा लवकर संपतो, त्यात माझं काय चुकतं? आता दिवसातून चार वेळा थोडंथोडं करावं लागतं, तरी इतका कसा लागतो कळत नाही.

उत्तर सविस्तर लिही. हसायचं असेल तर आधी हसून घे.

तुझ्या लोभातला,
भावोजी

---

ता. १३ जानेवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

इतकी हसले की भांडी घासणाऱ्या बाया हात पुसत बघायला आल्या. ताईने अखेर तुम्हाला शेगडीपुढे उभं केलं तर! ज्या माणसाने स्वतःच्या लग्नालासुद्धा अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तो बटाट्यांसाठी साठलेली सगळी रजा काढतो. ताईला माझा दंडवत सांगा.

आता नीट ऐका. पातेल्याला तारेची घासणी लावाल तर खबरदार. पाणी, मूठभर मीठ आणि कांद्याची सालं घालून उकळा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी लाकडी उलथन्याने खरवड सुटते. दुधाच्या भांड्याच्या काठाला आतून लोण्याचं बोट फिरवा. गॅसचं म्हणाल तर तुम्ही झाकण ठेवत नसणार, मला इथून दिसतंय. भात अर्धा शिजला की उतरवा आणि पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवा, उरलेला आपोआप शिजतो. आणि साबणाच्या चिपट्या टाकू नका. जुन्या मोज्यात भरा, गाठ मारा, महिनाभर हात धुवायला पुरतात.

माझं म्हणाल तर नोकरी अजून कच्चीच आहे. मार्चअखेर रेक्टरबाई ठरवणार, ठेवायचं की घरी धाडायचं. तोवर एक दिवसाची रजा नाही. खोलीही नोकरीबरोबरची, तेव्हा एक गेलं की दोन्ही गेलं. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा ताईने मला ठेवून घेतलं आणि हाताला धरून इथवर आणलं. तिची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही. फोन मात्र करू नका. तो रेक्टरबाईंच्या टेबलावर आहे आणि त्या माझ्याआधी ऐकतात.

एक तक्रार आहे. पत्राच्या खाली ताईच्या दोन ओळी नाहीत. रुसली का? आणि तुम्हीही "इकडील सर्व कुशल" लिहायला विसरलात. एवढे कसे गडबडलात?

माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
धाकटी

---

ता. २२ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पातेलं निघालं. अगदी आरशासारखं नाही, पण ताईने पसंत केलं. तुझं पत्र नेहमीप्रमाणे तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मोज्याच्या ठिकाणी ती खूप हसली, म्हणून उरलेलं संध्याकाळी वाचलं. दोन ओळींबद्दल विचारलं, तर म्हणाली, धाकटीला सांगा माझे हात गुंतलेत.

काल गाजर चिरताना बोटावर सुरी चालली. ताईने खुर्चीवरून ओरडून ओरडून मला हात नळाखाली धरायला लावला. आता बरं आहे.

विचारायचं ते असं. चादरीवरचे रक्ताचे डाग कशाने जातात? मी उकळत्या पाण्यात टाकली तर ते तपकिरी होऊन बसले. दुसरं, भाज्यांचं पाणी इतकं पातळ आणि गुळगुळीत कसं करायचं की घशात काही अडकणार नाही? आमची चहाची गाळणी कामाची नाही. तिसरं, आपल्या चादरी मध्ये विरल्या आहेत. रोज एक-दोन लागतात आणि वाळायला दोरी पुरत नाही. नव्या आणू का, म्हटलं, तर ताईने डोळे वटारले. जुन्यांचं काय करता येईल?

सावकाश लिही, पण लिही.

लोभ धरून असलेला,
भावोजी

---

ता. २९ जानेवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं बोट आहे की पंप? एका गाजरापायी चादरी रक्ताने भरवल्यात! आणि कापल्यावर अंथरुणात जाऊन पडलात वाटतं, राजासारखे. ताईने कपाळाला हात लावला असेल.

रक्ताला गरम पाणी कधीही नाही. त्याने डाग शिजतो आणि कायमचा बसतो. डाग ओला असतानाच थंड पाण्यात मीठ घालून चादर भिजवा, पाणी लाल झालं की बदला, मग साबण. जुन्या डागावर मीठ-पाण्याचा लेप करून उन्हात ठेवा. इथे मुलींच्या चादरी मी अशाच काढते.

भाज्या मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढा आणि धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीतून गाळा. चोथा टाकू नका, पिठात मळा. पण इतकं गाळून कुणासाठी? ताईने दात काढून घेतले का? काढलेच असतील तर बोळक्याने हसताना कशी दिसते ते सविस्तर कळवा.

चादर मध्ये विरते, कडेला नाही. मधोमध उभी फाडा, दोन्ही कडा एकमेकींना जोडून शिवा, म्हणजे चांगला भाग मध्ये येतो आणि विरलेला गादीखाली खोचला जातो. चादर आणखी दोन वर्षं चालते. फारच गेलेल्या असतील त्यांच्या चौघड्या करा, कशालाही उपयोगी पडतात. ताईला हे सगळं येतं, मलाच तिने शिकवलंय. तिलाच का नाही विचारत?

रेक्टरबाई परवा कोठीत येऊन डबे उघडून बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरंच म्हणायचं. सुट्टी लागली की धावत येणार आहे, ताईला म्हणावं अंथरूण घालून ठेव.

मनातून उतरवू नका.

तुमची,
धाकटी

---

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

चादरी जोडल्या. शिवण वाकडी आली आहे, पण टोचत नाही, मी स्वतः निजून पाहिलं. चौघड्यांचा फार उपयोग होतो.

आज एकच विचारतो. अंथरुणातल्या माणसाला उचलून बसवता येत नसेल, हात लावला तरी दुखत असेल, तर खालची चादर कशी बदलायची? मी एकटा असतो.

धाकटे, मला या घरात काहीही सांगायला बंदी आहे. तशी शपथ घातली आहे, मार्चअखेरपर्यंतची. विचारायला बंदी नाही, म्हणून मी विचारतो आहे. पहिल्या पत्रापासून विचारतो आहे.

लोभ असो.

भावोजी

---

ता. १४ फेब्रुवारी

भावोजी,

चादर आधी. माणसाला हलकेच एका कुशीवर वळवायचं. मोकळ्या बाजूची मळकी चादर लांबट गुंडाळत पाठीपर्यंत आणायची. तिच्याशेजारी धुतलेली अर्धी पसरायची, अर्धी गुंडाळलेलीच ठेवायची. मग माणसाला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर आणायचं आणि पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. उचलावं लागत नाही. उशी पोटाशी धरायला द्या, कमी दुखतं.

माझे डोळे फुटले होते का? रक्त, गाळलेलं पाणी, रोज दोन चादरी, आणि मी दातांची चेष्टा करत बसले. तुम्ही ते पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलंत? बोळक्याचं पण वाचलंत? ती हसली का?

आई गेली तेव्हाही माझी परीक्षा होती म्हणून सगळ्यांनी मिळून लपवलं. आपल्या घरात आजार म्हणजे काय चोरी आहे? काय झालंय, डॉक्टर काय म्हणतात, साध्या शब्दांत लिहा. नाही तर लिहू नका, मी येतेच आहे. रेक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कच्च्या माणसाला रजा नाही, गेलात तर गेलात. म्हटलं, गेले. महिनाअखेरीला कोठीतला साठा मोजून ताब्यात दिला की त्याच रात्रीची गाडी धरते. ताईला कळू देऊ नका. कळलं तर ती मला येऊ देणार नाही.

धाकटी

---

ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकटे,
अ. आ.

इकडील सर्व कुशल. तुझे भावोजी पत्र वाचताना मधल्या ओळी गाळायला लागले तेव्हाच मला संशय आला. हातातून काढून घेतलं आणि वाचलं. त्यांना रागावू नकोस, रागवायचं ते मी रागावून घेतलं आहे.

अगं, पोट बिघडलं होतं, जरा जास्तच. अशक्तपणा आला, म्हणून पडून राहिले. आता उतार आहे. काल खुर्चीत बसले, आज ओट्यापाशी उभी राहिले आणि भावोजींना बाजूला सारून बटाटे मी परतले. अक्षर वाकडं दिसतंय कारण पाटी मांडीवर घेऊन लिहितेय. हे पंपवाले गृहस्थ आयुष्यभर काटा लाल खुणेला टेकायच्या आत शिट्टी वाजवत आले, तेच घरीही चाललंय.

माझ्या पोटदुखीपायी तू नोकरी सोडून आलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. परत कुणाच्या दारात उभी राहणार आहेस? ज्या दिवशी पक्की होशील त्याच्या दुसऱ्या दिवशी ये. ऐटीत ये. तोवर मी स्वयंपाक करू लागलेली असेन आणि आपण दोघी मिळून यांची खोड काढू. बोळकं अजून झालेलं नाही, तुला दात दाखवीन तेव्हा कळेल.

साठा मोजताना पिठाच्या डब्यात हात बुडापर्यंत घाल, वरून बघून लिहू नकोस. कीड खाली असते.

माझ्यावर माया असेल तर माझं ऐकशील.

तुझी,
ताई

---

ता. ३ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू दोन दिवसांत परत गेलीस. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तो हक्क तुझा आहे. पण लोकांसमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

पोटात गाठ होती. दिवाळं निघालेल्या दुकानासारखं आत काही शिल्लक नाही, असं डॉक्टर नोव्हेंबरातच म्हणाले होते. ती ओट्यापाशी उभी राहिली नाही. ज्या दिवशी तुला पत्र लिहिलं त्या दिवशी तिच्या पोटात पाण्याचा घोटही राहत नव्हता. दर तीन-चार ओळींनी पेन खाली ठेवून डोळे मिटायची. पाटी मी धरली होती. मी म्हटलं, यातलं एकही अक्षर खरं नाही, ती बिचारी विश्वास ठेवील. ताई म्हणाली, ठेवावा म्हणूनच लिहितेय. मग म्हणाली, मी तर जाणारच आहे, तिची नोकरी बरोबर घेऊन कशाला जाऊ? मी पाटी पुन्हा सरळ धरली.

पत्र मीच पेटीत टाकलं. परत आलो तर तिने दुसरी शपथ घातली, की यापुढे धाकटीला काही विचारायचंही नाही. म्हणून तुला पुढे माझं पत्र नाही. शेवटचे आठ-दहा दिवस तिला भान नव्हतं. तेव्हा तरी मी तुला बोलवायला हवं होतं, हे मला दिसतं. मी भान असलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळत बसलो.

तू सांगितलेल्या रीतीने चादर बदलताना तिला कमी दुखायचं. उशी पोटाशी धरायची. हे तुला कळावं.

आता ती नाही, म्हणजे बंदीही नाही, तेव्हा विचारतो. एका माणसाला तांदूळ किती लागतात? मी रोज दोघांचे घालतो आणि रात्री तेच गिळतो.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

भावोजी

---

ता. ११ एप्रिल

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

एका माणसाचा अंदाज मलाही नव्हता. मला शंभराचा येतो. काल माझ्या खोलीत करून बघितला. दीड मूठ पुरते. तुमची मूठ मोठी आहे, एकच घ्या. पाणी तांदळावर बोटाच्या पहिल्या पेराइतकं. भांडं लहान घ्या, मोठ्यात करपतो. उरलाच तर गरम असताना झाकू नका, निववून झाका, म्हणजे आंबत नाही.

मी तुमच्यावर रागावले होते, आता तितकीशी नाही. ताईचं पत्र आलं तेव्हा मी आधी अक्षरच बघितलं होतं. तिचं अक्षर ओळीबाहेर कधी जात नाही. ते पत्र घेऊन मी कोठीत गेले, पिठाच्या पिंपापाशी बसून पुन्हा वाचलं आणि स्वतःला सांगितलं, पाटी मांडीवर असेल. मग रेक्टरबाईंकडे जाऊन म्हटलं, मी जात नाही. त्या म्हणाल्या, शहाण्या आहात. मला खरंच हायसं वाटलं, भावोजी. तुमची पत्रं बंद झाली तेव्हा म्हटलं, ताई उठली असेल, आता विचारायचं काय राहिलं. ताईने मला फसवलं असं मी कुणाला सांगू शकत नाही. मला फसायचं होतं.

मयतीला दोन दिवस मिळतात, आजाऱ्याला मिळत नाहीत, असा इथला नियम आहे. म्हणून मला तिचा चेहरा झाकलेलाच दिसला.

गेल्या सोमवारी नोकरी पक्की झाली. रेक्टरबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, बायांनी टाळ्या वाजवल्या. पक्क्या माणसाला वर्षाला पंधरा दिवस रजा असते. ती कधी हवी, असं त्यांनी मला विचारलं. त्या पेन हातात धरून थांबल्या होत्या, तेव्हा मी म्हटलं, नको.

लोभ तोडू नका. आता मागायला दुसरं दार नाही.

तुमची,
धाकटी