कमी चाललेली गाडी

मंगळवार, ५ एप्रिल १९८३

स्केलगार्थला येऊन पोचलो आणि सामानही लावून झालं. सामान म्हणजे दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि रेडिओ. बर्मिंगहॅमच्या कारखान्यानं टाळं लावून मला घरी बसवलं, आणि घरी बसलेला मी बायकोला, मॉइराला, एक हिवाळाही सोसवलो नाही. असो. इथं चांगलंच लिहायचं ठरवलंय. खिडकीतून डोंगर दिसतो, डोंगरावर मेंढ्या, आणि त्यांच्यामधून खिंडीकडे चढत जाणारा रस्ता. शेजारच्या बाईंनी न सांगता दारात अंडी आणून ठेवली होती. संध्याकाळी पबमध्ये गेलो तर माणसांनी सरकून शेकोटीजवळ जागा करून दिली. उत्तरेकडची माणसं तुसडी, असं सगळे म्हणतात. माझ्या जुन्या गल्लीत इतकी वर्षं काढली, माझ्यासाठी कधी कुणी सरकलं नव्हतं.

काय काम करायचात, असं त्यांनी विचारलं. मोटरसायकलींची इंजिनं जुळवायचो म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग एकदम फार बोलायला लागले. गॅरेजवाला इसाक टायसन म्हणाला, थर्झा पोस्टलथ्वेटच्या गोठ्यात एक गाडी पडून आहे, बघून तर या.

शनिवार, ९ एप्रिल

बघून आलो आणि घेऊनच आलो. एकावन्न सालची हेरॉन मोटरसायकल, पाचशे सीसी, एकाच सिलिंडरची. ताडपत्री ओढली आणि मी खुळ्यासारखा उभा राहिलो. काळा रंग जसाच्या तसा, टाकीवरची सोनेरी रेघ हातानं ओढलेली, कुठं ओरखडा नाही. मीटरवर सातशे मैलसुद्धा नाहीत. अशी गाडी माणसाला आयुष्यात एकदा मिळाली तर मिळते.

थर्झाबाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ, बोटांना संधिवाताच्या गाठी. गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. गाडी नवऱ्याची, अमोसची. घेतली त्याच उन्हाळ्यात तो गेला, एवढंच म्हणाल्या. किंमत इतकी कमी सांगितली की घासाघीस करायची मलाच लाज वाटली. व्यवहार झाल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

एक गोष्ट कळली नाही. पुढची सीट नव्यासारखी आहे. मागची मात्र दबलेली, चामडं झिजून गुळगुळीत झालेलं.

रविवार, १७ एप्रिल

आठवडाभर शेडमध्येच होतो, आणि असा खुशीत कित्येक वर्षांत नव्हतो. टाकीतलं पेट्रोल आटून डिंकासारखं झालं होतं. मूठभर खिळे आणि रॉकेल घालून टाकी गदगदा हलवली, तेव्हा गंज सुटला. कार्ब्युरेटर उकळून काढला आणि त्याचं बारीक भोक ब्रशच्या केसानं मोकळं केलं. टायर वरून छान, पण कडांना भेगा. दोन्ही नवे मागवले, ट्यूबसकट. ब्रेकचे शू झिजले नव्हते, नुसते काचेसारखे झाले होते. पॉलिश पेपरनं खरखरीत केले. केबलींत तेल सोडलं, चेन रात्रभर वंगणात बुडवून ठेवली.

इंजिनमधलं तेल काढलं तेव्हा चकित झालो. बत्तीस वर्षांचा चिखल निघेल असं वाटलं होतं. निघालं ते चार-पाच वर्षांपूर्वीचं. प्लगही अलीकडचा. म्हणजे अमोसनंतर कुणीतरी ही गाडी रस्त्यावर आणली होती. इसाकला विचारलं, तर म्हणाला, आले होते एकदोघं बाहेरचे. टिकले नाहीत. इथली हवा सगळ्यांनाच मानवते असं नाही.

शनिवार, ३० एप्रिल

गाडी पास झाली. इसाकच्याच गॅरेजात सरकारी तपासणी होते. नियमाप्रमाणे त्यानं ती चालवून बघायला हवी. त्यानं भोवती एक फेरी मारली, दिवा लावून बघितला, ब्रेक दाबून बघितला आणि सही केली. बसला नाही. तुमच्या हाताची गाडी, राव, तिला काय बघायचं, असं म्हणाला. मी ती स्तुतीच समजलो. पबमध्ये आज मला कुणी खिशात हात घालू दिला नाही.

रविवार, १ मे

दुसऱ्या किकला सुरू झाली. आवाज असा की पोटात गोड वाटावं. खिंडीच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर पाखरासारखी गेली, चढावर मात्र जड झाली. क्लच घसरतोय का बघितलं, नाही. टायरमध्ये हवा होती. मागं कुणी बसलं की गाडी जशी वागते, तशी ती वागत होती.

मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

पण वळणावर ते वजन माझ्याबरोबर झुकलं. मॉइरा कधीच नीट बसली नाही. मी डावीकडे झुकलो की ही घाबरून उजवीकडे. हे जे काही होतं ते अगदी माझ्या पाठीला धरून झुकलं. खिंडीच्या अलीकडे एक तळं आहे, त्याच्या वळणाशी कमरेला घट्ट आवळल्यासारखं झालं. मी ब्रेक दाबला आणि गाडी फिरवली.

मला भीती वाटली नाही, हे लिहून ठेवतो. बरं वाटलं. इतक्या दिवसांत मला कुणी धरलं नव्हतं.

रविवार, ८ मे

रोज जातो. रोज तळ्याच्या वळणाशी परत फिरतो. त्यापुढे जायचं म्हटलं की हात—हातच म्हणायला हवं आता—श्वास कोंडेल इतके आवळतात.

आता गाडीवरून उतरलो तरी ते सुटत नाहीत. दुपारी जेवायला बसलो तेव्हाही होते. सदरा कमरेशी ओला. आतून. शेवाळाचा वास. आंघोळीच्या वेळी पाहिलं तर दोन्ही कुशींवर बोटं उठली आहेत, निळी. लहान बोटं, बाईची.

गुरुवार, १२ मे

थर्झाबाईंकडे जाऊन गाडी परत घ्या म्हणालो, पैसे नकोत. त्यांनी दार अर्धंच उघडलं. बराच वेळ माझ्या पाठीमागं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून तशीच दिसतेस गं तू." मला नाही म्हणाल्या ते.

मग सांगितलं सगळं, उभ्या उभ्या, भाजीचा भाव सांगावा तसं. हेस्टर, त्यांची धाकटी बहीण, इथंच राहायची. अमोस तिला नव्या गाडीवर मागं बसवून घेऊन गेला. पळून गेली दोघं, असं गाव म्हणालं. गाडी तळ्याच्या वळणावर उभी सापडली, ओरखडासुद्धा नाही. हेस्टर पाण्यात. अमोस सापडलाच नाही.

"गाडी माझ्याकडे असली की ती माझ्याकडे असते," थर्झाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यानं घेतली की त्याच्याकडे. मी जी काय झोपले असेन ती तेवढ्यातच. आता तू घेतलीस ना बाळा? मग तुझी ती."

आधी घेतलेल्यांचं काय झालं, असं विचारलं. सगळे त्याच तळ्यात. गाडी दर वेळी वळणावर उभी सापडते आणि इसाक ती पुसून, ढकलत परत आणून देतो.

म्हणून सातशे मैल. म्हणून अंडी, म्हणून शेकोटीजवळची जागा. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि मला वाटलं मी त्यांना आवडलो.

सोमवार, १६ मे

गाव सोडून जायला निघालो होतो. बस येईपर्यंत ठीक. बसमध्ये चढलो आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर पाणी ठिबकायला लागलं. उतरलो.

दुपारी इसाक आला, बरोबर एक तरुण बाई. मिस गार्नेट, शाळेत नवी शिक्षिका, कालच आलेली. हसरी. तिला शाळेत जायला-यायला गाडी हवी होती. हेरॉन बघून तिचा चेहरा माझा झाला होता तसाच झाला. ती टाकीवरून हात फिरवत असताना इसाकनं मला बाजूला घेतलं.

"द्या हिला आणि मोकळे व्हा. बाहेरचीच आहे, राव."

मीही बाहेरचाच होतो, म्हणालो.

"तुम्ही आता आमच्यातले," तो म्हणाला.

किती वर्षं हे ऐकायला आसुसलो होतो मी. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मी खरंच विचार केला. किल्ली नुसती पुढे करायची होती. मग त्या मुलीला म्हणालो की गाडीच्या सांगाड्याला तडा गेलाय, भंगारात जायची आहे. तिला ते खोटं वाटलं, रागावून गेली. इसाक जाताना माझ्या उंबऱ्यावर थुंकला.

बुधवार, १८ मे

दुकानात मला पाव दिला नाही. संपला म्हणाले. मागे फळीवर दिसत होते.

ती बोलते आता. कानाशी, ओल्या तोंडानं. आधी नुसतं—घरी. घरी. मला वाटलं, माझ्या घरी म्हणते.

तसं नाही. ती पळून गेली नव्हती. अमोसनं सांगितलं होतं, ताई डोंगरापलीकडे दवाखान्यात पडलीय, चल लवकर. ते खोटं आहे हे वाटेत तिला कळलं. थांबव म्हणाली, उतरव म्हणाली. तो थांबला नाही. शेवटी वळणावर थांबला, तेव्हा—

पुढचं सांगत नाही. मग परत—ताईकडे ने.

आम्ही सगळे तिला त्याच रस्त्यानं वर नेत राहिलो. एकानंही तिला गाडीवर बसवून ताईच्या दारापर्यंत नेलं नाही, मीसुद्धा गुरुवारी पायीच गेलो होतो.

शुक्रवार, २० मे

सकाळी नेलं तिला. थर्झाबाईंच्या अंगणात गाडी थांबवली आणि पाठ हलकी झाली. अशी हलकी की मी पुढे हँडलवर पडलो. दार आपोआप—नाही, थर्झाबाईंनीच उघडलं. किंचाळल्या नाहीत. मी मोठ्यानं सांगितलं, ती पळून गेली नव्हती हो, त्यानं फसवून नेलं. त्यांनी ऐकलं. पायरीवर बसल्या. मग आत गेल्या, आणि आतून दोघींचं बोलणं ऐकू येत राहिलं. एक रडत होती. कोण ते कळलं नाही.

मी निघालो. खिंड ओलांडायची, पलीकडच्या गावात गाडी टाकून द्यायची. कारखान्यातून सुटल्यासारखं वाटत होतं, मोकळं, उन्हात—

आता तळ्याच्या वळणाशी आहे. इंजिन आपणच बंद पडलं. किक बसत नाही. वही कोटात होती म्हणून लिहितोय, कुणाला तरी कळावं की मी काही—

मागची सीट जड झाली आहे.

नेहमीपेक्षा जड.

कमरेला हात. गार, ओळखीचे. आणि त्यांच्यावरून आणखी दोन. म्हातारे, सकाळी जिवंत होते, आता तेही गार. बोटांना गाठी.

थर्झाबाई, मी तिला घरी आणलं ना—

त्या बोलताहेत, दोघी, एकदम, दोन्ही कानांशी. एकच नाव. अमोस. अमोस. आता तरी सापडलास.

मी अमोस नाही. सांगतोय मी त्यांना. लायनेल. माझं नाव लायनेल ॲस्क्यू, मी बर्मिंगहॅमचा, मी बाहेरचा आहे हो, मी तो न