मैदानात पुकारलेले पैसे

गुरुवार, संध्याकाळ

आज गडमुडशिंगीचे शंकरअण्णा आले होते. जत्रेतल्या कुस्त्यांचं निवेदन करतात. त्यांचं रिटर्न मी भरतो. प्रत्येक मैदानाची बिदागी वहीत लिहिलेली, आणि खाली शौकिनांनी खूश होऊन दिलेलं बक्षीस. अगदी शंभराची नोटसुद्धा, देणाऱ्याच्या नावासकट.

मी म्हटलं, "अण्णा, हे रोख मिळालंय. कुणाला कळतंय? सोडा की."

त्यांनी असं बघितलं की मीच खाली मान घातली.

"साहेब, पैसं देणाऱ्याचं नाव मी माइकवर पुकारतो. सगळ्या मैदानानं ऐकल्यालं हाय. आणि हितं गप बसू व्हय?"

काय माणूस! शंभराची नोटसुद्धा. आणि सोडा म्हणणारा कोण, तर वीस वर्षं लोकांची रिटर्नं भरणारा मी. का बोललो असं? सवयीनं?

जाताना विचारतात, "फेटा बांधत्यात, त्यो कुठं लिवायचा?" मी हसलो. ते हसले नाहीत.

दर रविवारी मी शिकवण्या घेतो, रोखीनं. माझ्या रिटर्नमध्ये त्या कधीच आल्या नाहीत. माझ्या शंभराच्या नोटा कुणी माइकवर पुकारत नाही ना.

यंदाचं माझं अजून भरायचंय. मीच पुकारतो.