मागची चाकं

रामनगर, ता. जोयडा
१८ नोव्हेंबर

प्रिय कान्हू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. तुझा नंबर माझ्याकडं आहे. तीनदा लावला. ‘मी परशू बोलतोय’ म्हटलं की तू ठेवतोस. त्यात तुझं काहीच चुकत नाही. पंधरा वर्षांनी माझा आवाज ऐकून तू वेगळं काय करणार? आणि खरं सांगायचं तर मला जे सांगायचं आहे ते फोनवर जमलंही नसतं. कागदावर निदान तू मध्येच ठेवून देत नाहीस. दिलास तरी मला कळत नाही.

आधी गॅरेजचं सांगतो, कारण गेला दीड महिना एका गाडीनं माझं डोकं पार फिरवून टाकलंय. सुप्याच्या धरणाच्या पाण्याकडेला प्रज्योत म्हणून एक बेळगावचा माणूस होमस्टे चालवतो. त्याच्या काकांची एक जुनी इंग्लिश गाडी त्याच्याकडं आली. दोनच सीट, कापडी छप्पर, लांब नाक, चाकांना सायकलीसारखे आरे, आणि बुटकी इतकी की आत बसलं की बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटतं. साठ वर्षांची आहे. दिसायला फार देखणी, खोटं कशाला बोलू. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. मी मागचे ड्रम उघडून पाहिले, खणखणीत होते, अजून पंधरा वर्षं कुणी हात लावला नसता तरी चाललं असतं. पण साहेबाला मागंही डिस्क हव्या. गोव्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो, तिथं कुणाच्या तरी गाडीला चारी बाजूंनी डिस्क बघून आला होता. मी म्हटलं, “साहेब, गाडी थांबवायचं काम पुढची चाकं करतात. मागचं उगीच कशाला उसकायचं?” तर म्हणाला, “परशूआण्णा, तुम्ही फक्त बसवा. किट बाहेरच्या देशातून मागवलंय, सगळं बरोबर मापाचं आहे.”

बरोबर मापाचं! कान्हू, एक पट्टी भोकाला भोक जुळून बसेल तर शपथ. अर्धा सूत इकडं, अर्धा सूत तिकडं. कानस मारून मारून भोकं जुळवली, तर कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरणारा तो लोखंडी ठोकळा, चाकाच्या आऱ्यांना घासायला लागला. घासतोय किती, तर नखाएवढा. पण नखाएवढा घासला तरी चाक फिरत नाही ना. तो उतरवला, घासून कमी केला, पुन्हा चढवला, तर हँडब्रेकची केबल चार बोटं तोकडी. ती बेळगावहून करून आणली. सोबतचा माहितीचा कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि नेमकं जिथं अडतं तिथंच चित्र नाही. दर दोन दिवसांनी प्रज्योत साहेब यायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि विचारायचा, “अजून किती?” एकदा तर मी पाना टाकून उठून गेलो. बायको म्हणाली, गिऱ्हाइकासमोर असं करतात का? मी म्हटलं, मग तू बस गाडीखाली.

तिला तसंही बसावं लागलंच. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला पेडलवर कुणीतरी पाहिजे. तीन दिवस तुझी वहिनी पेडल दाबतेय, मी खाली हवा काढायचं निपल सैल करतोय, बाटलीभर ब्रेक ऑइल वाहून गेलं, आणि पेडल काही घट्ट होईना. पाय लोण्यात गेल्यासारखा. “तुम्ही हवा काढताय की भरताय?” असं तिनं विचारलं तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. चौथ्या दिवशी सकाळी नुसता बघत बसलो आणि दिसलं. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. त्यामुळं निपल खाली आलं होतं. हवा वर साचणार आणि मी खालनं काढणार! तीस वर्षं हात काळे करून मी हे केलं. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

खरं म्हणजे पेडलवर तूच असायचास. गुंद ते जोयडा तुझी जीप चालायची तेव्हा दर दोन महिन्यांनी तू गाडी घेऊन यायचास आणि आपण दोघंच ब्रेक बघायचो. आठवतंय, तू तक्रार करायचास की पंधरा-सोळा माणसं, वर सुपारीची पोती, आणि उतारावर जीप थांबता थांबत नाही. मग मला एक युक्ती सुचली. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबणारे सिलिंडर मिळाले होते, ते मी तुझ्या जीपच्या मागच्या ड्रममध्ये बसवले. मागचा जोर एकदम वाढला. तू माझी पाठ थोपटलीस, म्हणालास, “परश्या, आता जीप झाडासारखी उभी ऱ्हाते.” भरलेली जीप उभी राहायचीच. सात-आठ महिने कसलीही तक्रार नव्हती. मी चार लोकांना ते अभिमानानं सांगितलंही.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. गाडी तयार झाली, पेडल दगडासारखं घट्ट. सकाळी धुकं उतरत असताना मी आणि प्रज्योत साहेब ती जगलबेटच्या रस्त्याला घेऊन गेलो. मी चालवत होतो, तो शेजारी. रस्ता ओलसर, सागवानाची पानं पडलेली. वळणाच्या अलीकडं समोर एक गाय आली. मी ब्रेक दाबला. नेहमी दाबतो तसाच. आणि कान्हू, गाडीची मागची बाजू माझ्या हातातनं सुटली. स्टिअरिंग सरळ धरलं होतं, पण शेपूट पुढं यायला लागलं. अर्धी गिरकी घेऊन आम्ही उलट्या तोंडानं गटाराच्या काठावर थांबलो. गाय तशीच उभी होती. प्रज्योत साहेब पांढराफटक. पहिलं काय म्हणाला, तर “तुम्ही जोरात होता का?”

मी त्याच्यावर ओरडलो. “चाळीसवर होतो! जोरात न्हाई! मागची चाकं आधी धरली, म्हणून गाडी फिरली!”

हे माझ्या तोंडातनं निघालं आणि मला ते ओळखीचं वाटलं. कारण हे वाक्य माझं नव्हतं. हे वाक्य तू जोयड्याच्या दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होतास. शब्दाला शब्द. तुझ्या शर्टाला तुझ्या बहिणीचं, पुतळीचं रक्त होतं.

मी गाडीतनं उतरून मागं चालत गेलो. रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले होते. चार नाही, दोनच, मागच्या चाकांचे. पुढची चाकं फिरत होती, मागची जाम झाली होती. त्या पट्ट्यांकडं बघत मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. साहेब हॉर्न वाजवत होता. सगळं एकदम कळलं. मागं ब्रेकचा जोर नको तेवढा वाढवला की मागची चाकं आधी धरतात. गाडी मागं जड असेल तर ते झाकून जातं, चाकं रस्ता सोडत नाहीत. हलकी असेल तर शेपूट फिरतं. ही दोन सीटची गाडी मागं हलकीच आहे. आणि अपघाताच्या त्या दिवशी तुझी जीप रिकामी होती. पंधरा माणसं नव्हती, पोती नव्हती. तू होतास आणि शेजारी कॉलेजातनं घरी निघालेली पुतळी. आठ महिन्यांत तू पहिल्यांदाच त्या उतारावर रिकामी जीप घेऊन जोरात ब्रेक मारला असशील.

तू जोरात चालवत नव्हतास. तू प्यायला नव्हतास. तू शपथ घेऊन सांगत होतास आणि तुझ्या वडिलांनी, गुणाबाबांनी, माझ्याकडं बघून विचारलं, “परशू, तू मेस्त्री हायस, तू सांग, ब्रेकमुळं झालं का?” आणि मी म्हणालो, “ब्रेक माझ्या हातचा हाय, त्यात खोट न्हाई. हा जोरात असणार.” एवढंच बोललो. तेवढं पुरलं. पुढचं सगळं लोकांनी जोडलं, दारूचं पण. गुणाबाबांनी तिथंच तुला सांगितलं की घरात पाय ठेवू नको.

आता जे लिहितो ते लिहायला मला चार दिवस लागले. मला तेव्हा पुढच्या-मागच्या जोराचं हे गणित कळत नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी मी त्या उतारावर गेलो होतो. तिथंही दोनच पट्टे होते. मी पाहिले. चार का नाहीत, असं मनात आलं. आणि मी तो विचार पुढं जाऊ दिला नाही, कारण मला भीती वाटली की पुढं गेला तर तो माझ्या पान्यापाशी येऊन थांबेल. गॅरेज नवीन होतं. माझं नाव होत होतं. मी परत आलो आणि कामाला लागलो. तू फोंड्याला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिलास, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाहीस, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेव्हाही मी कामाला लागलो.

गाडीचं म्हणशील तर झालं. मागं जाणाऱ्या ऑइलचा दाब कमी करणारा एक वाल्व्ह असतो, तो मध्ये बसवला. आता ती सरळ थांबते. साहेब खूष आहे. मला तिचं तोंड बघवत नाही.

गेल्या रविवारी मी गुंदला गेलो. पुतळी अंगणवाडीत शिकवते, तुला माहीत असेल. पाय ओढत चालते, पण झपाझप चालते. तिला आणि बाबांना पडवीत बसवून मी सगळं सांगितलं, दोन पट्ट्यांचं पण. मला वाटलं होतं पुतळी रडेल. ती रडली नाही. उठून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पंधरा वर्षं मी दादाला एक शब्द लिहिला न्हाई. पायाचं सोड, पाय माझा गेला. पण ती वर्षं तू परत दे.” मी खाली बघत बसलो. “वर बघ,” म्हणाली. वर बघितलं. मग ती आत निघून गेली, आणि मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

गुणाबाबा पडवीतच बसून होते. आता त्यांना नीट दिसत नाही, बोलताना माणसाच्या खांद्याकडं बघतात. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं मारतात, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “मी फोन करनार न्हाई. फोनवर माझ्या तोंडातनं आवाज फुटायचा न्हाई. आनि मला लिवाय येत न्हाई. तू लिव. तू बिघडवलंस, तर तूच लिव.” म्हणून हे पत्र आहे, कान्हू. माझं एवढं लांबलचक वाचायची तुझ्यावर काही जबरदस्ती नव्हती, माफी मागायचा हक्कही मला नाही, म्हणून मी ती मागत नाही. पण बाबांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं आणि मग सांगितलं की हे असंच घाल, एक शब्द बदलायचा नाही. त्यांचे शब्द असे: “कान्हू, तू सांगत होतास आनि मी दुसऱ्याचं ऐकलं. मी बाप हाय, मी तुझं ऐकायला पायजे होतं. तू ये. मी दाराशी बसून हाय.”

तुझाच अपराधी,
परशू