पाय कुठं ठेवायचे?

२१ जुलै, सोमवार

पुन्हा चुकलो. अंघोळ करून, महादेवाचं नाव घेत घेत बेल तोडून आणला, तर सुरेखा म्हणाली, "अहो, सोमवारी बेल तोडत नसतात! आदल्या दिवशी संध्याकाळी तोडून ठेवायचा." मग एकेक पान उजेडात धरून बघितलं. निम्म्याला भोकं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गेल्या पावसाळ्यात बेल आणायला गेली अन् गवतात घोणस चावली. घाटी दवाखान्यात जीव वाचला, पायही वाचला. पण घरी आल्यापासून ओट्याखाली मातीत पाऊल नाही. फाटकापर्यंत फरशी टाकून घेतली. तिच्यावरून चालत जाऊन गाडीत बसते, बाजार करते, लग्नाकार्याला जाते. बागेत मात्र नाही. अन् ही सगळी बाग तिनं लावलेली — मी नुसतं पाणी घातलं!

२२ जुलै

चितेगावच्या कंपनीतून ड्युटी करून आलो की आधी गवताकडे नजर जाते. कमरेला लागलंय. खांद्याला अडकवायचं कटर आहे, पण बेलापर्यंत कापत जावं तोवर ओट्याजवळचं पुन्हा उठतं. खांद्याला मुंग्या येतात. तणनाशकाला सुरेखा नाही म्हणते. रोटाव्हेटर घातला तर आंब्याच्या मुळ्या तुटतील.

म्हणून आता ठरवलं — वर बसून चालवायचं, गवत कापायचं मशीन घ्यायचं. गवत बसलं तर कदाचित तिची भीतीही बसेल. बोललो नाही तसं तिला.

शेजारच्या रानातला रामकिसन बांधावरून हसला. "कृष्णाभाऊ, आता क्रिकेटचं ग्राउंड करता काय? तिकिटं लावा, मी गेटवर बसतो."

२४ जुलै

शहरात गेलो. दुकानातले चाचा म्हातारे, मेंदीची दाढी. मोबाइलवर बागेचे फोटो दाखवले. चष्मा वर करून म्हणाले, "ये बाग है? मैं समझा शिकारखाना!"

पण माणूस खरा. चकचकीत लाल मशीन होतं, ते दाखवलंच नाही. म्हणाले, ते हॉटेलच्या लॉनचं, पोट खाली घासतं, तुमच्या दगडात टिकायचं नाही. दोनच चालतील. एक बसायचं — उंच चाकांचं, पातं हवं तेवढं वर घेता येतं. दुसरं मागून चालत ढकलायचं. "मेरेकू पूछो तो पीछे चलनेवाला लेव. दगड लगा तो भी रोता नहीं."

रात्री जेवताना सुरेखाला दोन्ही दाखवली. मी पातं सांगतोय, ताकद सांगतोय, चढावर कसं चढतं ते सांगतोय. तिनं बसायच्या मशीनचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"पाय कुठं ठेवायचे?"

"हे इथं, दोन्हीकडं पत्रा आहे ना, त्यावर."

"खाली लागत नाहीत?"

"नाही."

"हं." अन् ताटं उचलून गेली. मी पात्याचं सांगतोय, ही पायांचं विचारते!

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

कॅलेंडर न बघता चाचांना म्हणालो होतो, मंगळवारी बघायला पाठवा. अन् आज बसायचं मशीन टेम्पोत हजर! आज आमच्याकडं भाजीसुद्धा चिरत नाहीत, अन् मी पाती मागवली. माझ्या आईनं तर मला बांधावर उभं केलं असतं.

सुरेखानं ओट्यावरूनच टेम्पोवाल्याला थांबवलं. "दादा, उतरवा. पण आज पातं फिरवायचं नाय."

"मावशी, मग बघणार काय?"

"उभं राहिलेलं बघू."

त्याला उकडीची दिंडं खायला दिली, तेव्हा तो गप्प झाला. मशीन परवापर्यंत राहू दे म्हणालो. तिनं फरशीवरून जाऊन मशीनला हळदकुंकू लावलं.

त्याआधी पाटावर चंदनानं नाग काढला होता, दूध-लाह्या दाखवल्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "त्यालाच पुजतेस?"

म्हणाली, "तो काय मुद्दाम आला होता? माझा पाय पडला त्याच्या अंगावर."

मी हात जोडले. नागाला की तिला, ठाऊक नाही.

३१ जुलै

आज चालवून बघितलं. पहिल्याच वळणावर खण्ण! गवतात दगड. पात्याला खाच पडली. रामकिसन बांधावर हजरच. "बसून कामं करायची लई हौस! मागून चालायचं घ्या, गुमान."

खरं आहे त्याचं. चाचाही तेच म्हणाले होते. मशीन परत पाठवलं, पात्याचे पैसे भरून देतो म्हणालो. मागून चालायचंच नक्की केलं. आमच्या जमिनीला तेच योग्य.

सुरेखाला सांगितलं. म्हणाली, "बरं."

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

१ ऑगस्ट

ते "बरं" काही डोक्यातून जात नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज आठवणीनं, संध्याकाळी बेल तोडायला गेलो. बेल चढापलीकडं. तिकडं उतरण्याआधी मागं वळून घराकडं बघितलं. सुरेखा ओट्याच्या काठावर बसली होती. एक पाय हळूच खाली सोडला. अंगठा मातीला लागेपर्यंत. अन् चटका बसल्यासारखा वर घेतला. पदर सारखा केला. मी बघतोय हे तिला माहीत नाही.

मी तिथंच खाली बसलो.

तिला गमबूट आणून दिले होते. अजून कोरे आहेत. "बूट घालून बेल तोडायचा? शोभतं का?" म्हणाली होती. चपलासुद्धा लांब काढून ठेवायची ती. म्हणून तर तेव्हा पाय उघडे होते.

अरे माणसा! ती पाय कुठं ठेवायचे विचारत होती, ते तुझे नव्हेत!

मी गवतासाठी मशीन बघत होतो. तिनं ते पहिल्या दिवशीच स्वतःसाठी बघितलं होतं. मातीला पाय न लावता बेलापर्यंत जायला. अन् मी जमिनीला योग्य ते घेऊन मोकळा झालो.

तिथूनच चाचांना फोन लावला. बसायचंच द्या.

"सोच लेव मियाँ. दगडां बहोत हैं."

"दगड मी वेचतो."

६ ऑगस्ट

ड्युटीनंतर अंधार पडेपर्यंत दगड. कंबर गेली. आज रामकिसन स्वतःची पहार घेऊन आला. काम कमी, तोंड जास्त. "वहिनीला बागेत बसायला रथ पायजे, हे आधी बोलायचं ना! मी उगं चालायचं-चालायचं करत बसलो." शेवटी सगळ्यात मोठा दगड त्यानंच उपटला.

कवठाजवळचा दगडांचा जुना ढीग मात्र हलवला नाही. तिथं कुणाचं घर असेल.

९ ऑगस्ट

मशीन आलं. घरापासून बेलापर्यंत कापत गेलो. मागं हिरव्या गवताचा वास. देवळात आल्यासारखं वाटलं.

"सावकाश! सीताफळाला धक्का लागंल!"

एवढ्या मोठ्यानं सुरेखा ओरडली! कितीतरी दिवसांनी. मी मुद्दाम सीताफळाजवळून पुन्हा एक फेरी मारली.

संध्याकाळी तिला फरशीवर शिकवलं. पातं बंद ठेवून. पत्र्यावर दोन्ही पाय जुळवून बसली, पाटावर बसतात तशी. "हा ब्रेक ना? मग दाबल्यावर थांबायला नको का?"

"तो ब्रेक नाही, तो पुढं जायचा!"

फाटकाला धडकली. हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही.

१० ऑगस्ट, रविवार

उन्हं उतरल्यावर एकटीच गेली. "तुम्ही इथंच थांबा" म्हणाली. चढापलीकडं दिसत नाही. मशीनचा आवाज बेलाजवळ बंद झाला. बराच वेळ बंद. मी ओट्यावर नाव घेत बसलो.

आली तेव्हा ओचा बेलानं भरलेला. एकाही पानाला भोक नाही. सरळ देवघरात गेली.

ओट्यावर तिची पावलं उमटलीत. मातीची. पुसली नाहीत.