न सुकणारा पीटर

मालवण, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय वेनेसा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले की आपला भाऊ फ्रान्सिस काठी टेकत येऊन ऐकत उभा राहतो, म्हणून पत्र. उत्तर कणकवलीला सर्वेश सरांच्या चित्रकलेच्या क्लासवर घाल.

सरांनी एका जुन्या युरोपीय, बरोक शैलीच्या चित्राची तैलरंगात नक्कल करायला दिलीय. काळोखातून उजेडात आलेला, येशूला ओळखत नाही असं सांगून मग रडणारा म्हातारा संत पीटर. सप्टेंबरअखेर जमा केली तर पणजीच्या तीन महिन्यांच्या वर्गात जागा, म्हणजे तुझ्याकडे राहणं. तेवढे दिवस फ्रान्सिसचा सिडनी बापाला वसईला आपल्याकडे नेणार आहे.

पण खालचा तपकिरी थर बारा दिवस झाले तरी बोटाला लागतो. तो सुकल्याशिवाय वर रंग चढवता येत नाही. अर्धांग झाल्यापासून भाऊ दर दहा मिनिटांनी हाक मारतो. मी उंबऱ्याबाहेर पडते ती फक्त क्लासला.

तुझी,
तेरेझा

पणजी, २७ ऑगस्ट

प्रिय तेरेझाबाय,
स. न. वि. वि.

इथल्या एका चित्रकाराला विचारलं. रंगात घालायचं जवसाचं तेल आठवड्याभरात सुकतं म्हणाला, खोबरेल मात्र जन्मात सुकत नाही. शाळेत जाताना माझ्या वेण्यांना चोपडायचीस, तसं पीटरलाही चोपडलंस की काय गो? बाटली हुंगून बघ.

तुझी खोली झाडून ठेवलीय. लोभ आहेच, आता त्याला पाय फुटून तो इकडे येऊ दे.

तुझी धाकटी,
वेनेसा

मालवण, १२ सप्टेंबर

प्रिय वेनेसा,
अनेक आशीर्वाद.

खोबरेलच होतं. आपल्या घरात उशीलासुद्धा तोच वास, मला वेगळा कसा कळणार? फ्रान्सिसला विचारलं. जवसाचं त्याने मोरीत ओतून बाटलीत खोबरेल भरलं होतं. म्हणाला, ह्यां चित्र सुकलां की तू माका वसईक धाडतलंस, तिसऱ्या माळ्यार, थंय माका कोण वळाखता? बोलता बोलता रडायला लागला. रागवायचं सोडून मी त्याच्या गालावरची सावली कुठे संपते ते बघत राहिले. याची मला अजून लाज वाटते.

कॅनव्हास पुसून नवा थर दिला. काल तो सुकला. दाराशी येऊन फ्रान्सिसने विचारलं, सुकलां काय गो? मी म्हटलं, अजून ओलंच आहे. तो इतका सुखावला की पेजेबरोबर दुसरा बांगडा मागून घेतला. मी वाढला.

तीस तारखेला चित्र जमा करणार आहे. त्याला खरं केव्हा सांगायचं, तेवढं तू कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तेरेझा