नुसतं हो म्हणा

बदनापूर, मार्च २००४

लाडक्या साळूस, अक्काचा आशीर्वाद.

तुला पत्रं तुझे मालक वाचून दाखवतात, म्हणून हे मी टाकणार न्हाई.

तुझ्या दाजींचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, औरंगाबादला असतं. दर सोमवारी तिथल्या वैजयंता सिस्टर घरी फोन करून वजन, सूज, पाणी, सगळं विचारतात. ह्या सोमवारी अंगात पाणी साठून वजन चार किलो वाढल्तं. दाजी चोरून पाणी पीत होते, बसल्याजागी धाप लागल्ती. फोन वाजला तसे म्हणले, "अर्धाच किलो सांग. मला आता त्या मशीनवर जायचंच न्हाई."

मी तसंच सांगितलं. पण सिस्टरला त्यांची धाप ऐकू गेली असावी. त्या हळूच म्हणल्या, "ताई, ते समोरच बसलेत ना? नुसतं हो म्हणा."

"हो."

"आडवं झालं की जीव घाबरतो त्यांचा?"

"हो."

"मग आत्ताच्या आत्ता जीप करून आणता का?"

इथं मी गप राह्यले. साळू, हे मशीन लागल्यापासून तीन वर्षांत मी माहेरी एक रात राह्यले न्हाई. वाटलं, न्हाई म्हणलं तर दोघंबी सुटू. सिस्टर "ताई, ताई" करून राह्यल्या होत्या. लई वेळानं मी हो म्हणले.

ते वाचले. मशीनवरून उतरल्यावर माझ्याकडं न बघता म्हणले, "तू मला सुटू दिलं न्हाईस."

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणली, "लई माया हाय हो तुमची."

मी खाली मान घालून त्यांचे पाय दाबत बसले.

तुझीच,
द्वारकाअक्का